धीर शिकवू नका, ऐकायला बसा

बाईला कधी बोलावं ते कळत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी जुलै महिन्यात गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव नाहीतर सडक अर्जुनी तालुक्यातल्या कुठल्याही बांधीवर जाऊन उभं राहावं. चिखलणी झालेली असते. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून पेंढ्या बांधून ठेवलेल्या असतात. दोन दिवस पाऊस बरा झालेला असतो आणि पुढचा कधी येईल याचा नेम नसतो. पऱ्ह्यांचं वय वाढलं की फुटवे कमी धरतात, हे मालकाला ठाऊक असतं आणि बायांनाही. नेमक्या त्या सकाळी बाया मजुरीचा विषय काढतात. एक जण बोलते, बाकीच्या तिच्या मागं लुगडी खोचून उभ्या असतात. 'औंदा एवढ्यात नाही जमत जी.' मालक कुरकुरतो, शेजारच्या गावातून बाया आणीन म्हणतो. पण शेजारच्या गावातही त्याच दिवशी रोवणी असते. अर्ध्या तासात दर ठरतो आणि बाया चिखलात उतरतात.

या बायांना वाटाघाट कुणी शिकवलेली नाही. तरी सगळं शास्त्र त्यांना तोंडपाठ आहे. समोरच्याची गरज मोठी असेल तेव्हा बोलावं. एकटीनं बोलू नये. तुटेपर्यंत ताणू नये, कारण उद्या त्याच बांधावर जायचं आहे.

आता त्यातल्याच एका बाईला मालकाच्या पोरानं धुऱ्यावर अडवलं, हात धरला, तर ती गप्प राहते. बाई तीच, शेत तेच. मग धीर कुठं गेला? धीर कुठंही गेलेला नाही, हिशेब बदललेला आहे. दराच्या वेळी सोबत वीस जणी होत्या, इथं ती एकटी. दराच्या वेळी अडलेला मालक होता, इथं अडलेली ती. दर नाही जमला तर एका दिवसाची मजुरी जाते. हे बोललं तर नवरा संशय घेतो, सासू घराबाहेर पडू देत नाही आणि गाव त्या पोराला सोडून तिच्याकडंच बघतं. एवढं सगळं मनात तोलून ती गप्प बसते. या गप्प बसण्याला भित्रेपणा म्हणणाऱ्यानं एकदा तिच्या जागी उभं राहून तोच हिशेब मांडून पाहावा.

माझं म्हणणं एवढंच आहे. कधी बोलायचं, कुणाजवळ बोलायचं, किती बोलायचं हे कामाच्या ठिकाणची बाई फार बारकाईनं ठरवत असते. तिच्या निर्णयात खोट काढू नका. खोट आहे ती ऐकणाऱ्यांच्या व्यवस्थेत.

*

'आधी काहून नाही सांगितलं?'

हा प्रश्न गावात पोलीस पाटील विचारतो, कार्यालयात मोठे साहेब विचारतात, घरात सख्खा भाऊ विचारतो. प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं आपण काळजीनं विचारतोय. ऐकणारीला त्यातून एकच गोष्ट कळते: आता उशीर झाला आणि तोही तुझ्यामुळं. तोंड उघडल्यावर कानावर पडणारं पहिलं वाक्य हे असेल, तर दुसरी बाई तोंड का उघडेल?

उशिराची कारणं समजून घ्यायची तर धानाचं वेळापत्रक घ्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा म्हणतो, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्या. पगारी नोकरीत ही मुदत कदाचित पुरत असेल. धानपट्ट्यात पाहा. जुलैच्या अखेरीस रोवणीत काही घडलं, तर ऑक्टोबरच्या अखेरीस मुदत संपते. हलका धान कापणीला येतो तो त्याच सुमाराला. भारी धान त्यानंतर. मग बांधणी, मग मळणी. म्हणजे जिच्या हातात तक्रारीचे तीन महिने आहेत, तिला त्याच तीन महिन्यांत त्याच मालकाकडून पुढचं काम मिळवायचं आहे. तिचं तोंड मोकळं होतं ते मळणी आटोपून मजुरी हातात पडल्यावर, आणि तोवर कायद्याची मुदत निघून गेलेली असते.

कायद्यात यावरही वाट ठेवलेली आहे. बाईला तक्रार देता येऊ नये अशी परिस्थिती होती, हे समितीला पटलं तर ती कारणं लेखी नोंदवून मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. 'कापणीचं काम गेलं असतं' हे कारण पटण्यासारखं आहे, पुरेसं आहे. चौकशीला बसणाऱ्या प्रत्येकानं ते तसंच मानावं. शेतमजुरीच्या जिल्ह्यात यापेक्षा खरं कारण दुसरं कुठलं असणार?

बिडी वळणाऱ्या बाईचंही तेच. ती घरी बसून बिड्या वळते. मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, दोरा. संध्याकाळी ती जुड्या घेऊन ठेकेदाराकडं जाते. तो मोजतो, आणि मोजता मोजता काही छाट म्हणून बाजूला काढतो. छाट खरंच खराब आहे का, हे तोच ठरवतो. उद्याची पानं आणि तंबाखू किती द्यायचा हेही तोच ठरवतो. त्यानं काही लागट बोललं, हात जरा जास्त वेळ धरला, तर ती मान खाली घालून पानं घेते आणि निघते. हे कामाचं ठिकाण आहे का? आहे. कायद्यानं कामाच्या ठिकाणात घरही धरलं आहे, असंघटित क्षेत्रही धरलं आहे, कामानिमित्त जावं लागतं ती जागाही धरली आहे. हे त्या बाईला कुणी सांगितलं आहे का, हा प्रश्न मी जिल्ह्यातल्या प्रत्येक जबाबदार माणसाला विचारतो.

*

हा कायदा शहरातल्या काचेच्या इमारतींसाठी आहे, आपल्याकडं त्याचं काय काम, असं म्हणणारे शिकलेले लोक मला भेटतात. त्यांना हा कायदा कुठून आला ते ठाऊक नाही.

तो राजस्थानातल्या भटेरी गावातून आला. भंवरी देवी तिथं सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन होती. गावपातळीवरची, तुटपुंज्या मानधनावरची कार्यकर्ती. १९९२ साली तिनं एका तान्ह्या मुलीचं लग्न थांबवायचा प्रयत्न केला, म्हणजे सरकारनं दिलेलं काम केलं, आणि त्याची शिक्षा म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. तिनं तक्रार केली. १९९५ साली खालच्या न्यायालयात बलात्काराच्या आरोपातून आरोपी सुटले. महिला संघटना १९९२ सालीच सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी 'विशाखा' निकाल आला. तो देणाऱ्या तीन न्यायमूर्तींमध्ये न्या. सुजाता मनोहर होत्या, मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. त्या निकालातल्या मार्गदर्शक तत्त्वांचा कायदा व्हायला पुढं सोळा वर्षं लागली.

भंवरी देवी जे काम करत होती ते आज आपल्या जिल्ह्यात कोण करतं? सालेकसा आणि देवरीच्या जंगलपट्ट्यात रात्री-अपरात्री बाळंतिणीला घेऊन दवाखान्यात जाणारी आशा करते. बालविवाहाची कुणकुण लागली तर तो थांबवायला पुढं होणारी अंगणवाडी सेविका करते. सरकार आशाला कर्मचारी मानत नाही, स्वयंसेविका मानतं. पण या कायद्यानं तो आडपडदा ठेवलेला नाही. कायम, हंगामी, रोजंदारी, ठेकेदारामार्फत आलेली, मोबदला घेऊन किंवा न घेता, स्वेच्छेनं काम करणारी, अशा सगळ्या बायांना त्यानं संरक्षण दिलं आहे. वेतनाच्या प्रश्नात सरकार आशाला दारात उभं करत असेल, पण या कायद्यात ती घराच्या आत आहे. तिला ते ठाऊक असलंच पाहिजे. आणि तिच्याशी उर्मट, लघळ वागणाऱ्या प्रत्येकालाही.

*

आता जे म्हणतात 'बायांनी बोललंच पाहिजे', त्यांच्यासमोर मी दोन नोंदी ठेवतो.

मार्च २०२१. मेळघाटातलं हरिसाल. वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण, वय २८. धडाडीची अधिकारी म्हणून तिचं नाव होतं. तिनं जीव दिला, आणि मागं ठेवलेल्या चिठ्ठीत वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाबद्दल सविस्तर लिहिलं. त्याच्याही वरच्या अधिकाऱ्याकडं दाद मागितली होती, तरी काही झालं नाही, असं तिनं त्यात लिहिलं होतं.

ऑक्टोबर २०२५. सातारा जिल्ह्यातल्या फलटणचं उपजिल्हा रुग्णालय. तिथली तरुण डॉक्टर गेली. तळहातावर लिहून गेली. तिनं त्याआधी काही महिने लेखी तक्रार दिली होती, हे नंतर पुढं आलं.

दोघीही शिकलेल्या, दोघीही सरकारी अधिकारी, दोघींच्याही हातात कागद आणि पेन. दोघीही बोलल्या होत्या. आपापल्या परीनं, पायरी पायरीनं बोलल्या होत्या. वनखात्यात, आरोग्य खात्यात, पोलिसांत आज शेकडो तरुण मुली भरती होतात. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात गस्त घालणाऱ्या वनरक्षक मुली आपण पाहतो, कौतुकानं पाहतो. त्यांना आणखी धीट व्हायला सांगण्याची गरज नाही. धीट नसत्या तर त्या वाघाच्या रानात गेल्याच नसत्या. त्यांच्या तक्रारीचा कागद पुढं सरकतो की कुणाच्या टेबलाखाली दबतो, हे पाहायची गरज आहे.

कागद दबतो कसा? मी तो प्रकार अनेक कार्यालयांत पाहिलेला आहे आणि वाचकांनीही पाहिला असेल. बाई पाकीट घेऊन आवक-जावकच्या टेबलाशी येते. बाबू विचारतो, 'काय आहे?' ती म्हणते, 'साहेबांना द्यायचं आहे.' बाबू तिच्यादेखत पाकीट फाडतो, वरच्या दोन ओळी वाचतो, मान वर करून तिच्याकडं बघतो आणि मग शिक्का मारतो. विषयाच्या रकान्यात 'तक्रारी बाबत' असं लिहितो. दुपारच्या चहापर्यंत सगळ्या शाखांना खबर लागते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिच्याआधी कळतं की पाकीट आत आलं. या कायद्याचं सोळावं कलम तक्रारदाराचं नाव-गाव, तक्रारीतला मजकूर, चौकशीतली माहिती उघड करायला मनाई करतं. ते कलम त्या टेबलावर रोज मोडलं जातं. म्हणून बाई बोलत नाही. तिला आवक-जावकचं टेबल ठाऊक असतं.

*

मग तक्रार द्यायची कुठं? हे नीट समजून घ्या, कारण हे सांगण्याऐवजी लोक भाषणं करतात.

जिथं दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला आहेत तिथं मालकानं अंतर्गत समिती नेमायची. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी बाया चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा. समिती नेमली नाही तर पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. राइस मिल असो, खासगी शाळा असो, पतसंस्था असो, दवाखाना असो, सगळ्यांना हे लागू आहे.

जिथं दहापेक्षा कमी माणसं आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तिथं जिल्ह्याची स्थानिक समिती. हा दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे. खासगी संस्थेच्या शाळेतल्या शिक्षिकेला संस्थाचालकाविरुद्ध तक्रार करायची असेल, तर त्याच संस्थाचालकानं नेमलेल्या समितीपुढं जाण्याची सक्ती तिच्यावर नाही. ती थेट स्थानिक समितीकडं जाऊ शकते. आपल्याकडच्या किती शिक्षिकांना हे ठाऊक आहे?

आणि स्थानिक समितीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागू नये म्हणून कायद्यानं प्रत्येक तालुक्यात एक नोडल अधिकारी नेमायला सांगितलं आहे. त्यानं तक्रार घ्यायची आणि सात दिवसांत समितीकडं पाठवायची. बाईला लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून द्यायला मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे, उपकार नाही. चौकशी चालू असताना तिला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, तिची किंवा त्याची बदली होऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. चौकशीत दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही, म्हणजे मोठा वकील करण्याची ऐपत नसलेली बाई तिथं कमी पडू नये.

१ मे १९९९ रोजी गोंदिया भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला तो सरकारी दार लोकांना जवळ यावं म्हणून. पण केशोरीसारख्या लांबच्या गावातल्या बाईला आजही गोंदियाला जाऊन यायचं तर अख्ख्या दिवसाची मजुरी बुडवावी लागते, घरी खोटं कारण सांगावं लागतं, आणि पोहोचल्यावर कुठल्या खोलीत जायचं हे चपराशाला विचारावं लागतं. चपराशी विचारतो, 'काम काय आहे?' तिथं ती काय सांगणार? तालुक्याचा नोडल अधिकारी म्हणूनच हवा. त्याचं नाव, त्याची खोली, त्याचा फोन बाईला आधीपासून माहीत हवा.

ही काही माझ्या मनची मागणी नाही. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १२ मे २०२३ रोजी निकाल दिला. विद्यार्थिनींच्या तक्रारी २००९ सालच्या. समितीनं चौकशी इतक्या घाईनं उरकली होती की प्राध्यापकाला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही, म्हणून त्याच्या बडतर्फीचा आदेश तक्रारींनंतर चौदा वर्षांनी रद्द झाला आणि प्रकरण पुन्हा समितीकडं गेलं. समितीला कामाचं नीट शिक्षण दिलं नाही तर शेवटी तक्रार करणाऱ्या मुलींचंच वाटोळं होतं, ते असं. न्यायालयानं तेव्हाच सगळीकडं समित्या आहेत की नाहीत ते तपासायला सांगितलं. पुढं ३ डिसेंबर २०२४ रोजी त्याच प्रकरणात तारखा ठरवून दिल्या: ३१ डिसेंबरपर्यंत प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमा, ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थानिक समिती बसवा, तालुक्यांना नोडल अधिकारी द्या. कायदा होऊन अकरा वर्षं झाल्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला हे तारीखवार सांगावं लागतं, यात सगळं आलं.

*

बाया एकत्र बोलतात तेव्हा काय होतं, हे या राज्यानं अलीकडंच पाहिलं आहे. ४ डिसेंबर २०२३ ला महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या. पन्नासहून अधिक दिवस संप चालला. कामावरून काढण्याच्या नोटिसा आल्या तरी बाया हटल्या नाहीत. पाठोपाठ १२ जानेवारी २०२४ पासून आशा संपावर गेल्या, थंडीत मुंबईच्या आझाद मैदानात मुक्काम ठोकून बसल्या, आणि मार्चमध्ये त्यांच्या मानधनात महिना पाच हजार रुपयांच्या वाढीचा शासन निर्णय निघाला. घर, लेकरं, गाव सोडून निघालेल्या या बाया कुणाच्या भाषणानं धीट झाल्या नव्हत्या. त्यांच्यामागं संघटना होती, शेजारी बसलेली दुसरी बाई होती, आणि आपण सगळ्या एकाच वेळी थांबलो तर कुणालाही एकटीला काढता येणार नाही हे गणित होतं.

माझं संघटनांना आणि गावोगावच्या ग्रामसंघांना हेच सांगणं आहे. मानधनासाठी जी साखळी तुम्ही उभी केली, ती छळाच्या तक्रारीसाठीही उभी करा. एका बाईची तक्रार घेऊन दोघी-तिघी सोबत गेल्या की आवक-जावकच्या टेबलावरचा बाबूही पाकीट फाडताना विचार करतो. बचत गटाच्या बैठकीत कर्जाचे हप्ते लिहून घेता, तिथंच एकदा हा कायदा वाचून दाखवा. मोर्चात पहिल्या रांगेत असणाऱ्या बाईला आपल्या पर्यवेक्षकाच्या घाणेरड्या बोलण्याबद्दल कुणाजवळ बोलावं ते सुचत नाही, ही संघटनेनं मनाला लावून घ्यायची गोष्ट आहे.

आणि बोलणं म्हणजे फक्त तक्रार नव्हे. बैठकीत आपला मुद्दा मांडणं, पगार कमी आहे म्हणणं, शौचालय नाही म्हणून सांगणं, हे रोजचं बोलणं आधी मोकळं झालं पाहिजे. जिला संडासाची किल्ली मागायला संकोच वाटतो ती छळाबद्दल बोलेल कशी?

ग्रामपंचायतीत पाहा. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायांच्या आहेत. खुर्ची तिची, शिक्का तिचा. आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याशी बोलतो नवरा. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याची बाई निवडून येऊन सरपंच झाली, तर ती सरकारी जागेवर राहते असा आरोप करून तिला पदावरून घालवलं. तिला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. २०२४ साली न्यायालयानं तिला पद परत दिलं आणि बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांना पचलं नाही, अशा अर्थाचे खडे बोल सुनावले. सरपंच बाईला स्वतःची खुर्ची राखायला दिल्ली गाठावी लागत असेल, तर त्याच गावच्या मजूर बाईनं बोलावं म्हणून तिला कुठल्या तोंडानं सांगायचं?

*

'खोट्या तक्रारीही होतात की हो.' हे वाक्य आलंच पाहिजे, नाहीतर चर्चा पूर्ण होत नाही.

कायद्यानं याचाही विचार केला आहे. जाणूनबुजून, द्वेषानं खोटी तक्रार केली असं चौकशीत सिद्ध झालं तर कारवाई होते. पण तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यानं ती खोटी ठरत नाही, हेही त्याच कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे. एकांतात घडलेल्या गोष्टीला साक्षीदार कुठून आणायचा? जो माणूस प्रत्येक तक्रारीच्या वेळी आधी खोट्या तक्रारीची आठवण काढतो, त्यानं एक लक्षात घ्यावं. शेजारच्या टेबलावरची सहकारी त्याचं बोलणं ऐकत असते. उद्या आपल्यावर वेळ आली तर या माणसाजवळ जायचं नाही, हे तिनं त्याच क्षणी ठरवलेलं असतं.

पुरुष सहकाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. साहेबांच्या केबिनमधून ती रडवेली बाहेर आली, तुम्ही पाहिलंत. तारीख आणि वेळ कुठंतरी लिहून ठेवा. तिला एवढंच म्हणा, 'मी पाहिलं. लागलं तर सांगीन.' बाकी तिच्यावर सोडा. तिच्या वतीनं आरडाओरडा करू नका, तिला न विचारता गावभर करू नका. केव्हा बोलायचं हा तिचा अधिकार आहे आणि बोलेल तेव्हा साक्ष देणं ही तुमची जबाबदारी.

बायांना उपदेश करायला मी बसलेलो नाही. पण उपयोगाच्या चार गोष्टी सांगतो. घडलं त्याच दिवशी तारीख, जागा, शब्द लिहून ठेवा, वहीत नाहीतर मोबाइलवर. मेसेज पुसू नका. एका विश्वासाच्या माणसाला लगेच सांगून ठेवा, तीही साक्ष असते. तक्रार द्याल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आणि आज बोलायचं नसेल तर बोलू नका. त्यानं तुम्ही लहान होत नाही. फक्त ती वही जपून ठेवा.

राहिले अधिकारी. २०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्यात हजार पुरुषांमागं ९९९ बाया होत्या. रोवणी त्यांची, निंदण त्यांचं, कापणी त्यांची, लसीकरण त्यांचं, पोषण आहार त्यांचा. त्यांच्यासाठी एवढं करा. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, या आठही तालुक्यांच्या नोडल अधिकाऱ्यांचं नाव, खोली आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत रंगवा. तहसीलच्या आतल्या फलकावर तो कुणी वाचत नाही. तो रेशन दुकानावर लावा, धान खरेदी केंद्रावर लावा, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावा, बिडी ठेकेदाराच्या दारात लावा, तेंदूपत्त्याच्या फळीवर लावा. मराठीत लावा आणि जिथं गोंडी बोलतात तिथं गोंडीतून सांगणारी बाईही पाठवा. तक्रारीचं पाकीट आवक-जावकला फोडायचं नाही, असा लेखी आदेश काढा. आणि बाई समोर येऊन उभी राहिली की 'आधी काहून नाही सांगितलं' हे वाक्य गिळा. तिला खुर्ची द्या, दार अर्धं लोटा, कागद पुढं ओढा आणि म्हणा, 'बसा ताई, सांगा, मी लिहून घेतो.'

८ मार्चच्या महिला दिनाच्या आत हे होणार नसेल, तर त्या दिवशीचं भाषण रद्द करा.